नाखव्याचं पाणी

“नाखोदा कोण?”

हा प्रश्न आला तेव्हा माझ्या उजव्या पायात चप्पल होती आणि डावा पाय अनवाणी होता. गस्तीच्या बोटीत उतरताना डावी चप्पल समुद्रात पडली होती. आम्ही सात जण एका लाकडी धक्क्यावर रांगेत उभे होतो, फळ्या तापल्या होत्या आणि मी एका पायावर भार देऊन बगळ्यासारखा तोल सांभाळत होतो. समोर खाकी कपड्यातला, पन्नाशी उलटलेला अधिकारी हातात वही घेऊन उभा होता. त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण हा एक शब्द त्यानं आपल्याच भाषेतला वापरला. गंमत म्हणजे आमच्यातल्या एकालाही त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. नाखोदा म्हणजे जहाजाचा कप्तान. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी ज्याला नाखवा म्हणतात तोच.

सगळे खाली फळ्यांकडे बघायला लागले. मी सगळ्यांत आधी.

सत्तावीस वर्षं झाली त्याला. आमचं जहाज म्हणजे एक जुनाट टग होता, मोठमोठे तराफे ओढून नेणारी बुटकी, दणकट बोट. मी तिच्यावर चीफ ऑफिसर, कप्तानाच्या खालोखालचा. वय एकतीस, राहणारा कोल्हापूरचा. घराण्यात माझ्याआधी कुणी रंकाळ्याहून मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. कप्तानाचं नाव मी घेत नाही, उगाच जीभ कशाला विटाळा. सिंगापूरजवळ काम संपलं आणि मालकाच्या कंपनीनं तोंड फिरवलं. बंदरात उभं राहायची सोय उरली नाही, तेव्हा कप्तानानं शेजारच्या देशाच्या एका छोट्या बेटामागे गुपचूप नांगर टाकला. परवानगीशिवाय परक्या पाण्यात नांगर टाकणं हा गुन्हा आहे, हे त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. अकराव्या दिवशी त्यानं जहाजाच्या कागदांची सगळी फाईल बॅगेत घातली, पाणी आणि शिधा घेऊन येतो म्हणाला आणि एका जाणाऱ्या लाँचवर चढला. गेला तो गेलाच.

त्याच्यामागे पाणी वाटायचं काम सारंगानं आपणहून अंगावर घेतलं. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. हिराजी पावसे त्याचं नाव, साठीला टेकलेला, दापोलीकडच्या दांडेबंदर नावाच्या कोळीवाड्यातला. टाकीचा तळ दिसायला लागला होता. एका बाजूला चेपलेला एक स्टीलचा पेला त्याच्याकडे होता. त्या पेल्यानं तो सकाळ-संध्याकाळ पाणी मोजायचा. पहिला पेला मला, कारण मी ऑफिसर. मग इंजिनियर अण्णा, मग भंडारी म्हणजे आमचा स्वयंपाकी, मग खलाशी, आणि सगळ्यात शेवटी तो स्वतः. कधी त्याच्या वाट्याला निम्मा पेला यायचा, कधी नुसती ओल.

एकदा भंडारी लाडीगोडीनं त्याला म्हणाला, “नाखवा, माका जरा ज्यास्त घाला.” भंडारी मालवणचा, त्यानं आपला मान म्हणून तो शब्द वापरला. हिराजीनं पेला फळीवर आपटला.

“नाखवा नाय बोलायचं. मना सारंग बोल.”

त्याच्याच गावचा पदू चोगले नावाचा एक तिशीतला खलाशी शेजारी बसला होता. त्यानं मान फिरवून समुद्राकडे बघायला सुरुवात केली. पदूला हिराजीनंच नोकरीला लावलं होतं, तरी तो त्याला कधी कुठल्याच नावानं हाक मारत नसे. गरज पडली तर “अवो” म्हणे. म्हाताऱ्याची लहर आणि गावकीचं काहीतरी, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

तर कप्तान गेल्यावर आठ दिवसांनी गस्तीची बोट आली आणि आमची वरात त्या धक्क्यावर निघाली.

अधिकाऱ्याचं नाव रुस्लान. त्यानं शांतपणे, शब्द शोधत शोधत आम्हाला कायदा समजावून सांगितला. बिनपरवाना नांगर टाकला याचा जबाब नाखोद्यानं द्यायचा. त्याला मोठ्या बेटावरच्या कोर्टात उभं करणार. सहा महिने बसतील, कदाचित वर्ष. बाकीचे सगळे ‘अनाक कापाल’. अनाक म्हणजे लेकरू आणि कापाल म्हणजे जहाज, हेही त्यानं सांगितलं. त्यांच्याकडे खलाशांना जहाजाची लेकरं म्हणतात. लेकरांची चूक नाही, लेकरांनी घरी जायचं. शुक्रवारी सकाळी सिंगापूरला लाँच जाईल, भारतीय वकिलातीशी त्याचं बोलणं झालं होतं.

“पळालेला चालणार नाही. शुक्रवारी मला तुमच्यातलं एक नाव पाहिजे,” तो म्हणाला. “नाव नाही मिळालं तर सातही जण कोर्टात.”

त्या दिवशी मंगळवार होता.

आता मला काय ठाऊक होतं ते सांगतो. कप्तान जहाजावर नसेल तर चीफ ऑफिसर हाच कप्तान. परीक्षेत मी हा नियम लिहिला होता आणि मला त्याचे पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. आमच्या सातही जणांना हे ठाऊक होतं. चीफ ऑफिसर मी, हे ठाऊक नव्हतं ते फक्त रुस्लानला. जहाजाची फाईल कप्तानाबरोबर गेलेली, पासपोर्टवर कुणाचा हुद्दा लिहिलेला नसतो, आणि अंगावर सगळ्यांच्याच बनियन आणि हाफ पँट. मी कोण आहे हे सांगणारा एकच कागद उरला होता, माझं सर्टिफिकेट. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं ते सर्टिफिकेट मी त्याच दुपारी बॅगेच्या अस्तराची शिवण उसवून आत सरकवलं.

घरी माझ्या बायकोला, वैजूला, सातवा महिना होता. आधीचे दोन्ही गर्भ टिकले नव्हते. डॉक्टरांनी तिला झोपवून ठेवलं होतं, आणि बाळंतपणाला मी असेन असा शब्द मी देऊन आलो होतो. हे कारण खरं होतं आणि मी ते स्वतःला शंभरदा ऐकवलं. पण वैजू नसती तरी मी तो कागद लपवलाच असता. मला तुरुंगाची भीती वाटत होती. माझी पाचावर धारण बसली होती, बाकी सगळं नंतर.

चौकी म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या आणि पुढे ऐसपैस ओटी. बेटावर विहीर नव्हती. पाणी आठवड्यातून दोनदा बोटीनं यायचं. रुस्लानकडे तीन शिपाई होते. त्यांच्या पाण्यातूनच तो आम्हा सातांना रोज एक कॅन द्यायचा. कॅन ओटीवर ठेवायचा आणि आत जाऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचा. हिराजीनं तो चेपका पेला बरोबर आणला होता. पहिल्या संध्याकाळी त्यानं पाणी मोजलं, पहिला पेला माझ्यापुढे धरला आणि मी तो प्यायलो. जहाजावर ऑफिसरला आधी असतं, त्यात विचार करायचा असतो हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

बुधवारी रुस्लाननं एकेकाला आत बोलावलं. माझी पाळी आली तेव्हा त्यानं पासपोर्ट उघडला, फोटो बघितला, मला बघितलं.

“काम काय?”

“केरानी,” मी म्हणालो.

केरानी म्हणजे कारकून. बंदराबंदरातून कानावर पडलेला शब्द वेळेला तोंडात आला. आपल्याकडेही जुन्या जहाजांवर हिशेबनीसाला कराणी म्हणत. त्यामुळे आपण मोठी हुशारी केली असं मला वाटलं. रुस्लाननं तो शब्द सावकाश वहीत उतरवला.

“टगवर केरानी,” तो म्हणाला.

प्रश्न नव्हता तो. सात माणसांच्या टगवर कारकून ठेवतात का, हे दर्यावर वाढलेल्या माणसाला विचारायची गरज नव्हती. मी कानापर्यंत तापलो. त्यानं मात्र पासपोर्ट मिटून मला जायची खूण केली. माझ्यानंतर गेलेल्यांनी माझ्याबद्दल काय सांगितलं ते मी कुणाला विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं, तशी माझी गत झाली होती. अण्णानं नुसतं खाकरलं तरी मला वाटे, हा आता बोलणार.

त्या संध्याकाळी उन्हं उतरल्यावर रुस्लान ओटीवर आला आणि हिराजीशेजारी बसला. हिराजीला बंदरातली मलायी भाषा येत होती. दहा वर्षं पेनांग आणि सिंगापूरच्या फेऱ्या मारून त्यानं ती कमावली होती. दोघांच्या बोलण्यात गलबताच्या माणसांची नावं निघाली आणि दोघांची कळी खुलली. रुस्लान म्हणाला ‘सेरांग’. हिराजीनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला, सारंग. रुस्लान म्हणाला ‘तांडिल’. हिराजी म्हणाला, तांडेल, आमच्या वाड्यात तर घरोघर. तांडेल म्हणजे होडीचं सुकाणू धरणारा. दोन म्हातारे जुनी नाणी जुळवून बघावीत तसे शब्द जुळवत होते. मी तीन हात अंतरावर बसून पायातली कुसळं काढत होतो.

“मुआलिम?” रुस्लाननं विचारलं.

“मालम,” हिराजी म्हणाला.

मालम म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी. हिराजी मला रोज त्याच नावानं हाक मारायचा, मालमसाहेब. माझा हात पायावरच थांबला.

“तुमचा मुआलिम कुठं आहे मग?”

हिराजीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “नाखोद्याबरोबर गेला,” तो मलायीत म्हणाला. एवढी मलायी मलाही कळत होती.

रुस्लाननं मान डोलावली. मग त्यानं विचारलं, आणि नाखोद्याला तुमच्या गावात काय म्हणतात? त्याच्या आईकडच्या लोकांत, बुगिस दर्यावर्द्यांत, अनाकोदा म्हणतात हेही त्यानं हौसेनं सांगितलं. हिराजी उठला. पाण्याच्या कॅनचं झाकण नीट लागलंय का बघतो असं काहीतरी पुटपुटला आणि गेला तो परत आलाच नाही. रुस्लान जरा वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिला, आणि पदू समुद्राकडे.

मी हिराजीला गाठलं ते आभार मानायला. ते मला जमलं नाही. तोच म्हणाला, “घरी कोन कोन हाय, मालमसाहेब?”

मी सांगितलं. आई, बायको.

“बाईला कितवा?”

“सातवा.”

त्यानं हूं केलं आणि कॅनच्या तोटीला फडकं गुंडाळत बसला. तुम्ही खोटं का बोललात, एवढं विचारायला माझी जीभ रेटली नाही, कारण मग त्यानंही मला तेच विचारलं असतं.

गुरुवारी पाण्याची बोट आलीच नाही. वारा उलटा होता म्हणे. रुस्लाननं अर्धा कॅन ठेवला, हात जोडल्यासारखं केलं आणि आत गेला. ऊन असं होतं की ओटीचे खांबही हाताला चटका देत होते. आम्ही सात जण गोल बसलो. हिराजीनं पहिला पेला काठोकाठ भरून माझ्यापुढे धरला. मी तो एका घोटात संपवला. मग अण्णाला मिळाला तो पाऊण, भंडाऱ्याला तेवढाच, पुढच्या दोघांना त्याहून कमी. शेवटी पदूच्या पेल्यात पाणी पडलं आणि कॅन वाजला. रिकामा झाला होता.

पदूनं पेला तसाच धरून ठेवला. मग हिराजीकडे न बघता त्याच्यापुढे सरकवला. “अर्धा घ्या.”

“पी तू.”

“अवो, घ्या की.”

“पी बोललो ना,” हिराजी म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्यानं, पण पदू निमूट प्यायला.  हिराजीनं रिकामा पेला उलटा केला आणि सावलीला जाऊन आडवा झाला. त्याचे ओठ भेगाळले होते. मी वर बघितलं तर खिडकीत रुस्लान बसला होता.

त्या दुपारी मी ठरवलं. उद्या आपणच पुढे व्हायचं. अस्तरातून सर्टिफिकेट काढलं, घडी घालून उद्या घालायच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि बटण लावलं. निश्चय केल्यावर माणूस हलका होतो म्हणतात. मला चक्क भूक लागली. मी बायकोला मनातल्या मनात एक लांबलचक पत्रही लिहिलं, मोठ्या उदात्त भाषेत. त्यातलं एक वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हणून बघितलं.

शुक्रवारी सकाळी लाँच लागली होती. आम्ही पुन्हा त्याच धक्क्यावर, त्याच रांगेत. मी पहिला, हिराजी दुसरा. रुस्लान वही घेऊन आला, टोपण काढून पेन हातात धरलं.

“नाव,” तो म्हणाला.

माझा हात खिशावर गेला. खिशाचं बटण घट्ट होतं, असं पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो. बटण घट्ट नव्हतं.

“मी,” शेजारून हिराजी म्हणाला. एक पाऊल पुढे झाला आणि आपल्या भाषेतच म्हणाला, “हिराजी रामा पावसे. नाखवा.”

त्याच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो. मागे पदूच्या घशातून काहीतरी आवाज आला. रुस्लाननं लगेच लिहिलं नाही. त्यानं हिराजीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खिशावरच्या माझ्या हाताकडे. आणि तो थांबला. मला वेळ दिला त्यानं. लाँचचं इंजिन धडधडत होतं, कुणी हलत नव्हतं, आणि त्या माणसानं मला पुरेपूर वेळ दिला. नुसतं एक बटण काढायचं होतं. मी हात खाली घेतला.

मग तो लिहू लागला. लिहिता लिहिता मला म्हणाला, आणि त्याचं ते मोडकं इंग्रजी मला आजही शब्दन् शब्द आठवतं, “माझ्या बापाच्या गलबतावर एकदा पाणी संपलं. नऊ दिवस. नाखोदा शेवटी पितो. असं कुणी शिकवत नाही. जो आधी पितो तो नाखोदा नाही, एवढंच. मला कागद नको. मी तीन दिवस खिडकीतून बघतोय.”

त्यानं वही मिटली.

“मुआलिम शब्द अरबांचा आहे. ठाऊक आहे? मुआलिम म्हणजे शिकवणारा, जाणता माणूस.” मी कोण ते त्याला ठाऊक होतं तर. पहिल्या दिवसापासून असेल, नाहीतर केरानी म्हणालो त्या क्षणापासून. त्यानं लाँचकडे बोट केलं. “जा घरी, अनाक.”

तो रागावला असता तर बरं झालं असतं. पण माझ्या बापाच्या वयाचा तो माणूस मला लेकरू म्हणाला, आणि मी लेकरासारखा खाली मान घालून लाँचमध्ये उतरलो.

लाँच सुटली. हिराजी धक्क्यावर उभा होता, हातात तो चेपका पेला तसाच. पंचवीसेक हात पाणी मध्ये पडलं आणि पदू एकदम उभा राहिला. दोन्ही हात तोंडाशी नेऊन तो ओरडला, “नाखवा! येतंव आमी!”

हिराजीनं पेल्याचा हात वर केला. तो बराच वेळ वर होता.

पदू खाली बसला आणि गुडघ्यात डोकं घालून रडला. मग मला त्यानं आपणहून सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी हिराजीची स्वतःची मासेमारीची बोट होती, जयदुर्गा. इंजिन बंद पडून ती भर समुद्रात भरकटली, सात दिवस. बोटीवर हिराजी आणि दोन खलाशी, पाण्याचं एक पिंप. सापडली तेव्हा खलाशी गेलेले होते आणि हिराजी जिवंत होता. दोघांतला एक पदूचा बाप. दांडेबंदरला हिराजीला कुणी शिवी दिली नाही, कुणी त्याची होडी फोडली नाही. फक्त त्याला नाखवा म्हणणं सगळ्यांनी सोडलं. नाखवा आला आणि खलाशी आले नाहीत, तर पाणी कोण प्यायलं, हे ज्याचं त्यानं मनात ताडलं. हिराजी एका शब्दानं बोलला नाही. त्यानं बोट विकली, दोन्ही घरांना पैसा दिला आणि दुसऱ्यांच्या जहाजांवर सारंग म्हणून निघून गेला.

“तो प्यायला का नाय, मना नाय ठावं,” पदू म्हणाला. “पन काल मी बघितला ना.”

हिराजी आठ महिन्यांनी सुटून आला. तोवर मला मुलगी झाली होती, मी बाळंतपणाला हजर होतो, आणि वैजूला मी हकिकत सांगितली ती कप्तान पळाला इथवरच. दोन वर्षांत मी कप्तानाची परीक्षा पास झालो. बंदरं बदलली, तसा एक नाद लागला. दिसेल त्या म्हाताऱ्या दर्यावर्द्याला मी विचारायचो, जहाजाच्या धन्याला तुमच्यात काय म्हणतात? मलाक्क्यात नाखोदा. मोंबासाच्या आफ्रिकी नावाड्यांत नाहोधा. गुजरातच्या किनाऱ्यावर नाखवो. शेवटी कोशात सापडलं की शब्द मुळात फारसी, नाव आणि खुदा यांचा. आपली नाव ती त्यांचीही नाव. नावेचा धनी, नावेचा देव म्हणा. एवढ्या किनाऱ्यांवर एकच शब्द, आणि मला तो कुणी कुठेच लावला नव्हता. माझ्या दारावर ‘कॅप्टन’ अशी पाटी होती.

तिसऱ्या वर्षी मुलीला घेऊन मी दांडेबंदरला गेलो. का घेऊन गेलो? खरं सांगायचं तर ढाल म्हणून. तीन वर्षांचं पोर कडेवर असलं की माणूस समोरच्याला फार बोलत नाही. वाळूत जाळं विणत बसलेल्या एका बाईला मी विचारलं, हिराजी पावशांचं घर कुठलं?

“नाखव्याकडं व्हय?” ती म्हणाली आणि तिथूनच हाक दिली, “अवो नाखवा, पाव्हनं आयलंत.”

तो बाहेर आला. वाकला होता, पण ओठांच्या भेगा बुजल्या होत्या. मी ओटीवर बसलो आणि वाटेत घोकून आणलेली माफी सुरू केली. दुसऱ्याच वाक्याला त्यानं हात वर केला.

“तुमच्यासाठी नाय केला, साहेब. उगा वझं घेव नका.” मग आत कोणी ऐकतंय का बघून तो हळू म्हणाला, “जयदुर्गेवर मी आधी प्यायलो व्हतो. तिसऱ्या दिशी. पोरं झोपली व्हती, मी उठून प्यायलो. ती मरतील असा नाय वाटला मना. नुस्ती तहान लागली व्हती.”

समुद्रावरून वारा येत होता. मुलगी ओटीवरचे शिंपले उलटेसुलटे करत होती.

“पदूला सांगितलाव मी सगला,” तो म्हणाला. “आल्या आल्याच सांगितला. चार दिस बोलला नाय माझ्याशी. पाचव्या दिशी दारात आला आनि बोलला, नाखवा, जालं वढायला येताव का.”

पदूला ठाऊक होतं, आणि आता हिराजीही हयात नाही, म्हणून हे लिहायची हिंमत करतोय.

हिराजीनं आतून तांब्या आणला, आणि बरोबर तोच पेला, एका बाजूला चेपलेला. आधी माझ्या मुलीला पाजलं. मग पेला काठोकाठ भरून माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, आधी तुम्ही घ्या. त्यानं पेला आणखी पुढे केला. मी पुन्हा म्हणालो, नाखवा, तुम्ही घ्या आधी. त्यानं हात मागे घेतला नाही. काठोकाठ पेल्यातलं पाणी ओटीवर सांडायला लागलं होतं.

मी पेला घेतला आणि प्यायलो. मग उरलेलं तो प्यायला.